आपली चित्रकथा, आपले चित्रकार आणि आपला शब्द

भीमजयंतीला नांदेडमध्ये पुतळ्याच्या परिसरात पुस्तकांचे गाडे लागतात. अशाच एका गाड्यावर आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा बापाचे बोट धरून उभा होता. बाप मजुरी करणारा दिसत होता. त्याने खिशातून चुरगळलेल्या नोटा काढून बाबासाहेबांचे छोटे चरित्र घेतले आणि पोराच्या हातात दिले. पोराने पाने भराभर उलटली आणि विचारले, "पप्पा, यात चित्रं कुठं हायत?" बापाने गाडेवाल्याकडे पाहिले, गाडेवाल्याने आमच्याकडे पाहिले. आमच्याकडे उत्तर नव्हते.

वाचकहो, ज्या समाजाने दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पोटाला चिमटा घेऊन पुस्तके विकत घेण्याची परंपरा निर्माण केली, त्या समाजाच्या लेकरांना हातात धरावीशी वाटेल अशी चित्रकथा आपण किती दिल्या? कॅलेंडरे दिली, फोटो दिले, पोस्टर दिली. परंतु एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाणारी, गोष्ट सांगणारी, पोराला शेवटच्या पानापर्यंत ओढत नेणारी पुस्तके मात्र बोटांवर मोजण्याइतकीच. या प्रश्नाने आम्हा नांदेड-लातूरच्या काही मित्रांना स्वस्थ बसू दिले नाही आणि आम्ही ठरविले, की मराठवाड्यातून चित्रकथांचे, म्हणजे कॉमिक्सचे स्वतंत्र प्रकाशन उभे करायचे. नाव अजून ठरलेले नाही, भांडवल जवळपास शून्य आहे. मात्र पहिल्या दोन-तीन बैठकांतच लक्षात आले, की आमच्याकडे पैशांपेक्षाही मोठी उणीव आहे, ती विश्वासाची. आजचा लेख त्याच विषयावर आहे.

गुलामगिरी मराठीत, चित्रकथा इंग्रजीत!

आधी थोडा इतिहास पाहू. 'अमर चित्र कथा' १९६७ साली सुरू झाली. देव, अवतार, राजे आणि सरदार यांच्या कथा घरोघर पोहोचल्या. बाबासाहेबांवरचा अंक निघायला १९७९ साल उजाडावे लागले. म्हणजे देशाला संविधान देणाऱ्या महामानवाला या रंगीत दालनात प्रवेश मिळायला बारा वर्षे लागली. त्या काळात मराठी मुलांच्या हातात 'चांदोबा' होता, इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ होता. वस्तीतल्या पोराला आफ्रिकेच्या काल्पनिक जंगलातला वेताळ ठाऊक होता, पण महाडचे चवदार तळे त्याने चित्रात कधी पाहिले नव्हते.

पुढे २०११ साली दोन महत्त्वाची पुस्तके निघाली. पहिले 'भीमायन'. मध्य प्रदेशातील परधान गोंड कलावंत दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी ते चितारले, लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. दुसरे 'अ गार्डनर इन द वेस्टलँड', महात्मा फुले यांच्या 'गुलामगिरी'वर आधारलेले, श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांचे. दोन्ही पुस्तके २००३ मध्ये स्थापन झालेल्या 'नवयान' या प्रकाशनाने इंग्रजीत काढली. गंमत पाहा! १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' मराठीत लिहिली, ती कष्टकऱ्याला कळावी म्हणून. तिची चित्रकथा मात्र १३८ वर्षांनी आली आणि तीही इंग्रजीत! यात त्या प्रकाशकाचा दोष नाही, दोष असेल तर तो आमचा आहे. आमच्या अंगणातले झाड परक्याने ओळखले आणि आम्ही सावलीत बसून राहिलो.

'भीमायन'मधून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. व्याम दांपत्याने चौकटींत चित्रे काढायला नकार दिला. माणसांना डब्यात कोंडणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी गोंड परंपरेतल्या भिंतीवरच्या नक्षीने पान विभागले. मायेचे बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात आणि जातीचे विष ओकणारे बोलणे विंचवाच्या नांगीच्या फुग्यात दाखविले. कलावंताचे ऐकले म्हणून असे पुस्तक झाले. प्रकाशकाने 'कॉमिक्स अशीच असते' म्हणून चौकटी आखून दिल्या असत्या, तर विंचवाची नांगी कुणालाच सुचली नसती.

परंतु याच प्रकाशनाभोवती २०१४ साली वादही झाला. बाबासाहेबांच्या 'जातिसंहारा'वरील इंग्रजी ग्रंथाची नवी आवृत्ती अरुंधती रॉय यांच्या दीर्घ प्रस्तावनेसह आली, तेव्हा आंबेडकरी विचारवंतांनी रोखठोक विचारले, बाबासाहेबांचा परिचय कोणी करून द्यायचा आणि झोत कोणावर पडायचा? कोणाला तो वाद आवडो वा न आवडो, प्रश्न खरा होता. पुस्तक आमच्याबद्दलचे असणे वेगळे आणि त्यात आमचा शब्द चालणे वेगळे.

चित्र निष्पाप नसते

कोणी म्हणेल, पोरांच्या चित्रांसाठी एवढा काथ्याकूट कशाला? त्यांना २०१२ चा मे महिना आठवून पाहायला सांगावे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात शंकर यांचे १९४९ चे व्यंगचित्र होते. संविधानाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसलेले आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू. संसदेत गदारोळ झाला, सरकारने चित्र मागे घेण्याची घोषणा केली. पुण्यात प्रा. सुहास पळशीकर यांच्या विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली. ती मोडतोड आम्हाला तेव्हाही मान्य नव्हती आणि आजही नाही. बाबासाहेबांनी आम्हाला लेखणी दिली आहे. मात्र ज्यांनी 'एवढेसे चित्र ते काय' म्हणून आमची खिल्ली उडविली, त्यांना २०१९ साली उन्नमती श्याम सुंदर या आंबेडकरी व्यंगचित्रकाराने सप्रमाण उत्तर दिले. त्यांनी १९३२ ते १९४८ या काळात इंग्रजी वृत्तपत्रांत बाबासाहेबांवर निघालेली शंभराहून अधिक व्यंगचित्रे एका ग्रंथात गोळा केली. बाबासाहेबांना कसे बुटके, पोरकट, हास्यास्पद दाखविले गेले, हे त्यात पानोपानी दिसते. दगडाला शब्दाने, आणि चित्राला चित्राने उत्तर देता येते, हे त्या ग्रंथाने शिकविले.

मग आमचा कुंचला कुठे आहे? तो नांदेडात आहे, लातुरात आहे. फक्त आम्ही त्याची विचारपूस केलेली नाही.

पेंटरदादांचे तीन प्रश्न

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या बाजूला आमच्या ओळखीचे एक पेंटर राहतात. फ्लेक्स येण्यापूर्वी जयंतीचे बोर्ड, भिंतीवरची अक्षरे, मिरवणुकीतले देखावे म्हणजे त्यांचाच हात. बाबासाहेबांचा चष्मा आणि त्यामागची नजर त्यांच्यासारखी कोणी काढत नसे. फ्लेक्स आला आणि ब्रश अडगळीत गेला. आज ते दुसऱ्याच्या दुकानात संगणकावर वाढदिवसाची बॅनर जुळवतात. आम्ही मोठ्या उत्साहाने त्यांना आमची कल्पना सांगितली. चहा पिऊन होईस्तोवर त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "सर, जयभीम. काम चांगलं आहे. पण मी चळवळीचं काम म्हणून कितीतरी बोर्ड रंगवलो, पुस्तकाचे कव्हर काढून दिलो. पैसे मागितलो नाही, कुणी दिलंबी नाही. एका कव्हरवर तर माझं नावबी नव्हतं. आता तीन गोष्टी सांगा. पानाला किती देता आणि कधी देता? माझी मूळ चित्रं कुणाकडं राहणार? आणि तुम्ही बंद पडलात तर माझ्या पुस्तकाचं काय?"

आम्ही गप्प झालो. कारण त्यांचा पहिला आरोप आमच्यावरच होता. 'चळवळीचे काम आहे, दादा' हे वाक्य आम्हीही अनेकदा वापरले आहे. मंडपवाल्याला पैसे दिले, साउंडवाल्याला दिले, छापखान्याला तर आधी दिले. फुकट मागितले ते फक्त शाहिराकडून, कवीकडून आणि चित्रकाराकडून! ज्या वेठबिगारीविरुद्ध, महार वतनाविरुद्ध बाबासाहेब लढले, तिचीच छोटी आवृत्ती आम्ही निळ्या झेंड्याखाली चालवीत नाही ना, हे प्रत्येकाने छातीवर हात ठेवून तपासावे.

नांदेडमध्ये चित्रकलेची पदविका करणाऱ्या एका मुलीने आणखी वेगळा प्रश्न केला. एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासून तिचा हात नावाजलेला. ती म्हणाली, "सर, रमाई काढायची तर रडणारीच काढायची का? मला हसणारी रमाई काढायची आहे. समाजातल्या लोकांनी आक्षेप घेतला तर तुम्ही माझ्या बाजूने उभे राहाल का?" हा प्रश्न पैशांहून अवघड आहे. प्रतिमा पूजण्याची सवय आम्हालाही जडली आहे. निळा कोट, उंचावलेले बोट, हातात ग्रंथ, एवढ्यावर आमची चित्रकला थांबली. कलावंताला चौकट आखून द्यायची आणि वर म्हणायचे, की आमच्यात कलावंत निर्माण होत नाहीत!

एकशे तीस डॉलरची गोष्ट

हा अनुभव केवळ आपला नाही. अमेरिकेत जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन गरीब ज्यू तरुणांनी 'सुपरमॅन' निर्माण केला. १९३८ साली त्यांनी त्याचे सर्व हक्क १३० डॉलरला लिहून दिले. कंपनीने त्यावर अफाट पैसा कमावला. निर्मात्यांना म्हातारपणी, १९७५ साली, जनमताच्या रेट्यामुळे वार्षिक मानधन मिळाले आणि त्यांचे नाव पुन्हा छापले जाऊ लागले. पुढे १९९२ मध्ये सात नामवंत चित्रकार मोठ्या कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी 'इमेज कॉमिक्स' उभी केली. तिचे मुख्य तत्त्व साधे होते, पात्र ज्याने निर्माण केले त्याच्या मालकीचे.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण काळ्या बांधवांच्या लढ्याचे आहे. माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावर डिसेंबर १९५७ मध्ये सोळा पानांची चित्रकथा निघाली. किंमत दहा सेंट, प्रती अडीच लाख. चर्चमधून, शाळा-कॉलेजांतून ती हातोहात फिरली. ज्यांच्यावर तिचा प्रभाव पडला त्यांत जॉन लुईस हे तरुण होते. ते पुढे खासदार झाले आणि त्यांनी स्वतःच्या लढ्यावर 'मार्च' ही तीन भागांची चित्रकथा केली. तिच्या तिसऱ्या भागाला २०१६ चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. चित्रकथा काय करू शकते याचा यापेक्षा मोठा पुरावा नको. परंतु त्या १९५७ च्या अंकावर चित्रकाराचे नाव नव्हते आणि पुढे कित्येक दशके ते लोकांना ठाऊक नव्हते. एवढी थोर चळवळही आपल्या चित्रकाराला विसरली. आपण ही चूक जाणीवपूर्वक टाळली पाहिजे.

कायदा काय सांगतो?

आमच्या कलावंतांना कायदा माहीत नसतो आणि प्रकाशकाला तो सांगायची गरज वाटत नाही. म्हणून येथे थोडक्यात देतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. तोंडी 'दिले' म्हणून हक्क जात नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरता. हक्क घेऊन प्रकाशकाने एक वर्ष काहीच केले नाही आणि करारात वेगळे काही म्हटलेले नसेल, तर तो हक्क परत येतो. कलम ५७ प्रमाणे आपले नाव लावून घेण्याचा आणि आपल्या कृतीची मानहानीकारक मोडतोड रोखण्याचा अधिकार हक्क विकल्यानंतरही कलावंताकडे राहतो.

मात्र एक खाचखळगा आहे. कलम १७ प्रमाणे कोणी मोबदला देऊन चित्र काढवून घेतले आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा ठरू शकतो. नोकरीत केलेल्या कामाचेही तसेच. म्हणजे जो चित्रकार 'आपलाच माणूस आहे, कागद कशाला' असे म्हणतो, त्याचेच नुकसान होते. विश्वास आहे म्हणून करार नको, हे म्हणणे उलटे आहे. विश्वास टिकावा म्हणून करार हवा. ज्या बापाने आम्हाला लिखित संविधान दिले, त्याच्या लेकरांनी तोंडी व्यवहाराचा आग्रह धरावा काय?

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नाही. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा कॉपीराइट २०१६ च्या अखेरीस संपला. त्यावर आज कोणीही चित्रकथा करू शकतो. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हिशेब वेगळा आहे, तेथे प्रकाशनापासून ६० वर्षे मोजली जातात. दौलताबादच्या किल्ल्यावर १९३४ साली पाण्यावरून बाबासाहेबांचा व सहकाऱ्यांचा जो अपमान झाला, ती आपल्या मराठवाड्यातली हकीकत अशाच मागाहून प्रसिद्ध झालेल्या आठवणींत आहे. ती घटना चितारता येईल, कारण घटनेवर कोणाची मालकी नसते. पण त्यांचे शब्द जसेच्या तसे घेण्यापूर्वी परवानगीचा विचार करावा लागेल.

हिशेब मांडू या

आता पैशांचे. समजा ३२ पानांची चित्रकथा आहे, किंमत ६० रुपये, प्रती २,०००. सगळ्या प्रती विकल्या तर १ लाख २० हजार रुपये होतात. दहा टक्के रॉयल्टी म्हणजे १२ हजार. एका पानाला पेन्सिल, शाई आणि अक्षरे धरून दोन दिवस लागतात असे मानले, तर चित्रकाराचे ६४ दिवस जातात. सगळी रॉयल्टी त्याला एकट्याला दिली तरी दिवसाला १८७ रुपये पडतात. लेखकाशी अर्धी वाटून घेतली तर ९४ रुपये! म्हणजे 'रॉयल्टी देतो' एवढे म्हणून आम्ही मोठे उपकार करीत नाही.

म्हणून आम्ही असे ठरविले आहे. चित्रकाराला पानामागे एक हजार रुपये, आठ पाने हातात आली की आठ पानांचे पैसे. लेखकाला एकरकमी आठ हजार. एकूण ४० हजार रुपये, पुस्तक विकले जावो अथवा न जावो. एक हजार वाचकांनी ६० रुपये आगाऊ भरले तर ६० हजार जमतात. त्यातून कलावंतांचे ४० हजार आधी बाजूला काढायचे, उरलेले २० हजार कागद-छपाईला आणि कमी पडेल ते आम्ही मित्रांनी घालायचे. दुसरी आवृत्ती निघाली तर दहा टक्के रॉयल्टी. दरवर्षी १४ एप्रिलपूर्वी विक्रीचा हिशेब लेखी द्यायचा. मूळ चित्रे चित्रकाराची, छापून झाल्यावर त्याला परत. मुखपृष्ठावर लेखकाच्या बरोबरीने, त्याच आकाराच्या अक्षरांत चित्रकाराचे नाव. हक्काची मुदत पाच वर्षे, आणि आम्ही बंद पडलो तर त्याच दिवशी हक्क परत.

'बंद पडलो तर' हे शब्द करारात घालताना एक मित्र नाराज झाले. म्हणाले, सुरुवातीलाच अपशकुन कशाला? आम्ही त्यांना बाबासाहेबांचे उदाहरण दिले. १९२० साली 'मूकनायक' निघाला, राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले, 'केसरी'ने पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला नकार दिला. 'मूकनायक' बंद पडला. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघाला, तोही १९२९ मध्ये थांबला. मग १९३० मध्ये 'जनता' आला, १९५६ मध्ये त्याचा 'प्रबुद्ध भारत' झाला. बंद पडणे ही आपल्या वृत्तपत्रांची नामुष्की नव्हती. पैशाअभावी दिवा विझला तरी वात पुन्हा लावायची, ही आपली परंपरा आहे. शकुन-अपशकुन तर आपण केव्हाच नदीत सोडले!

गोष्ट कोणाची?

शेवटचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. पहिली चित्रकथा कशावर करावी, यावर आमचे एकमत झाले, नामांतराच्या लढ्यावर. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटविण्यात आला. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे मातंग समाजातील पोचीराम कांबळे आणि सुगावचे जनार्दन मवाडे यांचे बळी गेले. १९९३ मध्ये नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ सुरू झाले. आज नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक आहे?

परंतु शहिदांची गोष्ट आपली सर्वांची असली तरी दुःख घरातल्यांचे असते. जळालेले घर आम्ही रंगवू, पण त्या घरातून वाचलेल्या माणसाला आधी विचारणार की नाही? आम्ही ठरविले आहे, की कच्ची चित्रे आधी त्या कुटुंबांपुढे, त्या गावातल्या वस्तीपुढे ठेवायची. त्यांनी 'हे असे नव्हते' म्हटले तर पान बदलायचे आणि बदलाचेही पैसे चित्रकाराला द्यायचे. वेळ लागेल, तर लागू द्या. चाळीस-पन्नास वर्षे थांबलेली गोष्ट आणखी चार महिने थांबेल. पण चुकीची छापली गेली तर ती पुढच्या पिढीची खरी होऊन बसेल.

हा मसुदा घेऊन आम्ही पुन्हा लातूरला गेलो. पेंटरदादांनी चष्मा लावून दोन पाने नीट वाचली. 'मूळ चित्रे परत' या ओळीवर बोट ठेवून ती दुसऱ्यांदा वाचली. सही केली नाही. म्हणाले, "आधी चार पानं काढतो. त्याचे पैसे वेळेवर आले तर पुढचं बोलू." आम्हाला वाईट वाटले नाही. इतकी वर्षे फुकट राबलेला माणूस चार पानांपुरता का होईना आमच्यावर विश्वास टाकतो, ही त्याची उदारता आहे. त्या चार पानांचे चार हजार रुपये पाने मिळाली त्याच दिवशी आम्ही त्यांच्या हातावर ठेवले. पाचव्या पानाला त्यांनी हात घातल्याचे काल फोनवर कळले. नांदेडच्या त्या मुलीची रमाईही हसते आहे. आक्षेप आला तर उत्तर देण्याची जबाबदारी आमची, असे तिला आम्ही लेखी दिले आहे.

समाजबांधवांनो, आमची मागणी मोठी नाही. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करा आणि त्या पैशांत आपल्या वस्तीतल्या चित्रकाराला एका पानाचा मोबदला द्या. तुमच्या गल्लीत कोणी पेंटर ब्रश ठेवून बसला असेल, कोणा मुलीची वही चित्रांनी भरली असेल, तर तिला विचारा, तुला काय काढायचे आहे? आणि पुढच्या भीमजयंतीला एखादा पोरगा पुस्तक उलटून 'चित्रं कुठं हायत?' म्हणाला, तर गाडेवाल्याला आमच्याकडे बघण्याची वेळ येऊ नये.

जयभीम!